उजनीवर शिडाची होडी न्यायची, तर कुठली?

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, नळाला कधी येणार. दुसरा, उजनी किती टक्के. अशा गावात कुणी ‘मला शिडाची होडी घ्यायची आहे’ म्हणालं तर ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. पण पुणे रस्त्यानं मोहोळ, टेंभुर्णी मागं टाकली की दीड-दोन तासांत भीमानगर येतं, आणि तिथल्या उजनी धरणाच्या भिंतीमागं यशवंतसागर जलाशयाचं भलंमोठं पाणी पसरलेलं आहे. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला माणसं मच्छीमारांच्या होड्यांतून फिरतात. शिडाची होडी मात्र तिथं क्वचितच दिसते. ज्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलंय आणि जे परदेशी होड्यांचे फोटो बघून बघून आणखीच गोंधळलेत, त्यांच्यासाठी हा लेख.

आपण बोलतोय त्या होडीला इंग्रजीभाषक ‘डेसेलर’ म्हणतात. साधारण चार ते सहा मीटर लांब, वरून उघडी, झोपायला खोली वगैरे नाही. सकाळी पाण्यात ढकलायची, दुपारी डबा खायचा, ऊन कलायच्या आत परत. एवढंच तिचं काम. माझं मत आधीच सांगून टाकतो: वेग बघून घेतलेली होडी थोड्याच दिवसांत पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली जाऊन पडते. कुटुंबासाठी होडी घ्यायची तर घरातल्या सगळ्यात घाबरट माणसाला पुन्हा बसावंसं वाटेल अशीच घ्यावी. पोहता न येणारी आई, सात वर्षांचं पोरगं, ‘मी काठावरच बसते’ म्हणणारी आत्या, यांच्यावर निवड ठरते. होडी चालवणाऱ्याच्या हौसेवर नाही.

आधी ती चालते कशी

वाऱ्याच्या दिशेनं होडी जाते हे कुणालाही पटतं. वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाते, इथं गाडी अडते. शीड वारा अडवतं आणि वळवतं. त्यातून होडीवर जो जोर येतो तो बराचसा आडवा असतो, थोडाच पुढं. नुसतं शीड असेल तर होडी पाण्यावर आडवीच घसरत जाईल. म्हणून तिच्या पोटातून खाली पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते. ही फळी आडवं घसरणं रोखते आणि उरलेला जोर होडीला पुढं नेतो. ओला चिंचोका चिमटीत दाबला की सुळकन पुढं निसटतो, तसंच हे: एका बाजूनं वारा दाबतो, दुसऱ्या बाजूनं पाणी, आणि मधली होडी पुढं सरकते.

तरीही वारा येतो त्या दिशेला थेट नाक करून जाता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा सोडावा लागतो. तिकडंच जायचं असेल तर आधी डावीकडं तिरकं, मग उजवीकडं तिरकं, असं नागमोडी जायचं. याचा व्यवहारातला अर्थ असा की वाऱ्याबरोबर अर्ध्या तासात जिथं पोचलात तिथून परत यायला तास-दीड तास लागू शकतो. सहलीला निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावं. दमलेली पोरं घेऊन परतताना वारा पाठीशी असलेला बरा.

आणखी एक गणित डोक्यात पक्कं असावं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ताशी १३ ते १९ किलोमीटरचा वारा नवशिक्या कुटुंबाला छान. ताशी २० ते २८ मध्ये अनुभवी माणूस खूश असतो, नवखा घामाघूम. त्यापुढं आपण काठावर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खावी.

उजनीचं पाणी, आणि त्याच्या खालचं गाव

होडीच्या कॅटलॉगमध्ये जे लिहिलेलं नसतं ते इथं बघावं लागतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या पुढं, मृतसाठाच आहे. म्हणून तर आपल्याकडं धरण ‘वजा’मध्ये जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचलं होतं. पाणीपुरवठ्याची चिंता क्षणभर बाजूला ठेवली तरी होडीवाल्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच: दिवाळीत जिथं दहा पुरुष पाणी होतं तिथं मे महिन्यात ढोपरभर असेल, आणि होडी उतरवायची जागा काठापासून लांब, आत गेलेली असेल. मधे काळ्या मातीचा चिखल. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाय दिला की पोटरीपर्यंत आत.

शिवाय हे धरण रिकाम्या जमिनीवर बांधलेलं नाही. १९८० साली ते पूर्ण झालं तेव्हा भीमाकाठची गावं, शिवारं, विहिरी, देवळं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं आणि लोक ते बघायला जातात. वर आलेलं देऊळ सुंदर. पण वर न आलेलं, पाण्याखाली हातभर असलेलं चिरेबंदी बांधकाम होडीच्या फळीला दिसत नाही.

म्हणून फळीचा प्रकार हा माझ्या लेखी पहिला निकष. तीन प्रकार असतात. एक, खाली कायमचं जड वजन घट्ट बसवलेलं, त्याला कील म्हणतात. अशी होडी सहसा उलटत नाही, पण तिला कायम खोल पाणी लागतं. मुंबईच्या बंदरात ठीक, उजनीच्या काठाला निरुपयोगी. दोन, डॅगरबोर्ड: फळी खाचेतून सरळ खाली सरकवायची, सरळ वर ओढायची. स्वस्त, हलकी, सुटसुटीत. पण दगडावर आपटली तर तिला मागं वळायला जागा नसते. होडी जागच्या जागी थांबते आणि आतली माणसं पुढं फेकली जातात, वर खाच फुटते ती वेगळीच. तीन, सेंटरबोर्ड: फळी एका खिळीवर फिरते, दगड लागला की मागं वळून वर उचलली जाते. ‘खट्ट’ आवाज येतो, चालवणारा दचकतो, होडी पुढं जाते. उजनीसाठी सेंटरबोर्डच घ्या. सुकाणूचं पातंही तसंच वर उचललं जाणारं हवं. जलपर्णीच्या पट्ट्यात अडकलात तर दोन्ही वर घेऊन वल्ह्यानं बाहेर पडता येतं.

दुसरा धोका पाण्याखाली नसून डोक्यावर असतो. बॅकवॉटरच्या काठाकाठानं शेतकऱ्यांचे उपशाचे पंप आहेत आणि पंपापर्यंत विजेच्या तारा आल्या आहेत. शिडाच्या होडीची डोलकाठी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची, पाच-सहा मीटर उंच. ती उभी करून होडी काठावर ढकलत नेताना नजर चिखलावर असते, वर कुणी बघत नाही. अशा तारेला डोलकाठी टेकून जगभरात माणसं गेली आहेत. उतरवायची जागा ठरवताना आधी वर बघा, मग खाली. पाण्यातही ज्या खाडीसारख्या चिंचोळ्या भागावरून तारा ओलांडून गेल्यात तिकडं वळूच नका, कारण पाणी चढलं की तार आणि पाणी यातलं अंतर तेवढंच कमी होतं.

नावाजलेल्या होड्या आणि आपली माणसं

लेझर नावाची होडी सगळ्यात जास्त दिसते. ब्रूस कर्बीनं आखलेली, ४.२३ मीटर लांब, सांगाडा (म्हणजे शीड-डोलकाठी सोडून होडीचं नुसतं अंग) ५९ किलोचा, ७.०६ चौरस मीटरचं एकच शीड. ऑलिंपिकमध्ये असते. पण ती एका चपळ माणसाची होडी आहे. उलटणं हा तिच्या रोजच्या व्यवहाराचा भाग. आत्याबाईंना लेझरवर बसवलंत तर आत्याबाई आणि होडी, दोन्ही परत मिळायची नाहीत.

ऑप्टिमिस्ट ही त्याहून छोटी, २.३ मीटरची, चौकोनी नाकाची, पोरांची होडी. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं तीवर शिकतात. घरात शिकायला उत्सुक पोर असेल तर ती जरूर घ्या, पण तीत कुटुंब मावत नाही. हॉबी १६ ही दोन सांगाड्यांची, मधे जाळी ताणलेली. वेगवान आणि दिसायला झकास. तिच्यात खोलगट बसायची जागाच नसते. जाळीवर बसायचं, कायम ओलं व्हायचं, आणि उलटली तर ती सरळ करायला भरपूर वजन लागतं. कॉलेजातल्या मुलांना मजा आहे.

कुटुंबासाठी ज्या होड्या आखल्या गेल्या त्या वेगळ्याच घडणीच्या आहेत. इंग्लंडमध्ये इयन प्रॉक्टरनं १९५७ साली वेफेअरर आखली: ४.८२ मीटर लांब, १.८५ मीटर रुंद, सांगाडा १६८ किलो. चार माणसं आणि डबा आरामात. हिच्याच एका होडीतून फ्रँक डाय नावाचा गृहस्थ आइसलँडपर्यंत गेला होता. आपल्याला भीमानगरहून पलीकडच्या काठावर जायचंय, तेव्हा ताकदीचा प्रश्न नाही. अमेरिकेत त्याच सुमाराला आलेली फ्लाइंग स्कॉट ५.७९ मीटरची, आणखी ऐसपैस, पण ३८० किलोच्या पुढं. आपल्या चिखलातून तिला ओढायला ट्रॅक्टर सांगावा लागेल. जॅक होल्टची एंटरप्राइज, ४.०४ मीटर, निळ्या शिडांची, भारतातल्या क्लबांत बऱ्याच वर्षांपासून आहे. दोघांसाठी उत्तम, तिघांना कशीबशी, आणि वाऱ्यात जरा चंचल.

या नावांना चिकटून राहायची गरज नाही. त्यातून माप तेवढं घ्यायचं. साडेचार ते पाच मीटर लांबी, पावणेदोन मीटरच्या आसपास रुंदी, सांगाडा दोनशे किलोच्या आत. रुंदीवर माझा भर जास्त आहे. अरुंद होडी पळते छान, पण कुणी एका कडेवरून दुसरीकडं सरकलं की डचमळते आणि घाबरट माणूस तिथंच संपतो. होडीत बसून बघताना घरच्या सगळ्यांनी एकदम एका बाजूला बसून बघावं. त्यावर कड पाण्याला टेकली तर नमस्कार करून बाहेर या.

आता बूम. मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला आडवी दांडी असते, ती बूम. वारा मागून असताना होडीची शेपटी वाऱ्यातून फिरली की शीड क्षणात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातं आणि त्याच्याबरोबर ही दांडीही, बसलेल्या माणसांच्या बरोबर डोक्याच्या उंचीवरून. चालवणाऱ्यानं आधी ओरडायचं, सगळ्यांनी मान खाली घालायची, हा नियम. पण फोटो काढणारा पाहुणा नियम ऐकत नसतो. म्हणून होडी बघताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आसनावर ताठ बसवा आणि बूम हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. डोक्यावरून वितभर वर गेली तर निम्मी लढाई जिंकली. शिडाचा आकार थोडा कमी झाला तरी चालेल, बूम उंचच हवी.

शिडं दोनच असावीत: मागं मोठं, पुढं लहान. पुढचं गुंडाळून ठेवता येणारं असेल तर फारच सोय. दोरी ओढली की गुंडाळी होते आणि होडी लगेच शांत होते. मोठ्या शिडाला ‘रीफ’ची सोय हवीच. म्हणजे वारा वाढला तर शिडाचा खालचा भाग दुमडून बांधता येतो. ज्या होडीच्या शिडाला ही सोय नाही ती शर्यतीची होडी आहे, तुमची नाही.

काठावर डोलकाठी उभी करत असताना एखादा मच्छीमार येऊन हमखास विचारतो.

“मोटर कुठाय सायेब हिची?”

“मोटर नाही काका, वाऱ्यावर चालते.”

“आन् वारं पडलं मंग?”

प्रश्न अगदी नेमका आहे. वारं पडतंच. उत्तर वल्ही. तेव्हा वल्हवायला बरी पडेल अशीच होडी बघा, दोन वल्ह्यांच्या कड्या बसवलेली. छोटी मोटर मागं लावता येते, पण मोटर लावली की ती कायद्यानं यंत्रचलित नाव होते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणं यंत्रचलित नावेचं सर्वेक्षण, नोंदणी अशी साखळी सुरू होते. शिवाय धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतं, त्यामुळं मोटर असो नसो, होडी विकत घेण्याआधीच त्यांच्याकडं अर्ज करून लेखी परवानगीचं बघा. तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परग्याच्या तलावाचंही तेच. तो शहराला जवळ आहे, सरावाला सोयीचा वाटतो. पण ‘कोण बघतंय’ म्हणून होडी उतरवू नका.

ऋतूचा विषय थोडक्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. धरण भरलेलं, ऊन सोसवणारं, वारा बहुधा मवाळ. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पठारावरून जोरात वाहतो आणि एवढ्या लांबलचक पाण्यावर लाटा चांगल्याच उठतात. पण खरा घातक काळ एप्रिल-मेचा, वळवाच्या दिवसांतला. दुपारी अगदी निवांत असतं, पान हलत नाही, आणि चारनंतर कुठल्या तरी बाजूला ढग काळा होतो. धुळीचा लोट दिसला म्हणजे तुमच्या हातात काही मिनिटंच असतात. २१ मे २०२४ ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या पाण्यावर रोज ये-जा करणाऱ्या माणसांची ही गत होते. उन्हाळ्यात गेलातच तर सकाळी अकराच्या आत होडी काठावर हवी.

लाइफ जॅकेट घेताना आकड्याकडं बघा. न्यूटन हे त्याच्या तरंगवणाऱ्या जोराचं माप. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत म्हणून असतं. पोहता न येणाऱ्याला आणि मुलांना १०० न्यूटनचं घ्या, ते माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पोरगं खालून निसटतं आणि जॅकेट तेवढं तरंगत राहतं. ‘काठावर गेल्यावर घालू’ चालणार नाही. जमिनीवर घालायचं, जमिनीवर काढायचं. साडी किंवा लांब ओढणी घेऊन होडीत बसू नये, पाण्यात कापड पायांना गुंडाळतं. होडीच्या आत, दोन्ही कडांना हवाबंद कप्पे आहेत का ते पाहा. उलटल्यावर तीच हवा होडीला तरंगत ठेवते, आणि मग एक माणूस सेंटरबोर्डवर उभा राहून तिला सरळ करू शकतो. डोलकाठीच्या टोकाला एक तरंगता फुगा बांधला तर होडी पूर्ण पालथी होत नाही. कुटुंबाच्या होडीला तो बांधाच. सरळ कशी करायची याचा सराव मुद्दाम करायचा, काठाजवळ, उथळात, पोरं बाहेर ठेवून.

ने-आण हा खर्चाचा आणि कटकटीचा भाग. गाडीच्या टपावर साधारण ५० ते ७५ किलोच चालतात, म्हणजे वेफेअररच्या मापाची होडी टपावर जाणार नाही. ट्रेलर लागेल, त्याची आरटीओत नोंदणी लागेल, आणि गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा आहे का ते आधी बघावं लागेल. चिखलासाठी ट्रॉलीची चाकं रुंद, हवा भरलेली हवीत. बारीक घट्ट चाकं काळ्या मातीत रुततात. ज्यांना हे सगळं नकोसं वाटतं त्यांनी छोट्या प्लायवुडच्या होडीचा विचार करावा. १९६२ साली आलेली मिरर ही ३.३ मीटरची होडी घरी बनवण्यासाठीच आखली होती: प्लायवुडच्या फळ्या तारेनं शिवायच्या, आतून सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि राळ. सांगाडा ४५ किलोच्या आसपास, टपावर मावते. मूळ मिररला डॅगरबोर्ड असतो, तेवढं सांभाळावं लागेल. लागणारा मरीन प्लाय आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात ‘सातशे दहा’ म्हणून मिळतो, लोक तो स्वयंपाकघराच्या कपाटांना वापरतात. हाताला कसब असलेला सुतार ओळखीचा असेल तर अशक्य काही नाही. दोन मोठी आणि एक लहान, एवढीच माणसं मात्र.

पैसे घालण्याआधी शिकून घ्या. सोलापूरहून सोयीचं ठिकाण म्हणजे हैदराबाद. हुसेनसागरावर क्लब आहेत, लष्कराच्या ईएमई या अभियांत्रिकी दलाचं शिडाच्या होड्यांचं केंद्र आहे, दरवर्षी मोठ्या शर्यती होतात. कुटुंबातल्या दोघांनी तरी शिकावं. एकच जण चालवणारा असेल आणि तोच पाण्यात पडला तर बाकीच्यांनी करायचं काय? जुन्या होड्यांचा ठावठिकाणाही क्लबांतच लागतो.

जुनी होडी बघायला गेलात तर तिला उलटी करायला लावा आणि सांगाड्यावर बोटाच्या पेरांनी ठोकत जा. खणखणीत आवाज मधेच बद्द झाला तर तिथं आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. हवाबंद कप्प्यांची बुचं काढून आत हात घाला, ओल लागते का बघा. सेंटरबोर्ड पाच-सहा वेळा वरखाली करा. अडकत असेल तर खिळी वाकलेली असते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांवरून चिंधी फिरवा, तुटलेला एखादा धागा असेल तर चिंधी अडकते, आणि अशा तारा बदलाव्याच लागतात. शिडं शेवटी. नवं शीड कागदासारखं कडकडतं. उन्हात वर्षानुवर्षं पडलेलं शीड जुन्या चादरीसारखं मऊ लागतं आणि शिवणीत नखानं ओढलं तरी दोरा तुटतो. आपल्या उन्हात तर ते आणखी लवकर होणार, त्यामुळं वापर झाला की शीड उतरवून घडी करून घरात न्यायचं. मऊ शिडानं सहल होते, होडी वाऱ्याच्या विरुद्ध जरा कमी चढते एवढंच. पण विकणाऱ्याला ते सांगू नका. नव्या शिडांच्या किमतीएवढे पैसे कमी करून मागा.